पिता हयात असलेल्या इसमाचे मृत्युपत्र

मी, सेयितखान तुर्लिबेकउली, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय असाबा, म्हणजे विवाहसभेत ध्वनिवर्धक हाती धरून पाहुण्यांना हसविणारा, रडविणारा आणि वेळेवर जेवावयास बसविणारा अधिकृत वाचाळ, राहणार ताल्दीकोर्गान, कालव्याकाठची जुनी वसाहत, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याविषयी माझ्या पत्नीचे मत भिन्न असल्यास ते तिने वेगळ्या कागदावर मांडावे. मजवर कोणाचाही दबाव नाही. नोटरीबाईंनी यातील शेरे व टोमणे वगळण्याची सूचना केली होती; त्यावर विचार करून मी नोटरीबाईंनाच तूर्त वगळले आहे.

मला कोणतीही व्याधी जडलेली नाही. तथापि गेल्या मे महिन्यात या नगराने मला भर सभेत वृद्ध घोषित केले. ही नियुक्ती ज्याअर्थी माझा अर्ज न मागविता झाली, त्याअर्थी पुढची नियुक्तीही तशीच अकस्मात होईल, हे ओळखून कागदपत्रे आगाऊ सिद्ध करून ठेवणे मला इष्ट वाटते.

कलम १. घर.
आम्ही राहतो ते घर माझे वडील तुर्लिबेक यांनी बांधले. ते डोंगरातील रस्त्यावर मालमोटार चालवीत आणि परतीच्या प्रत्येक फेरीत रिकाम्या जागेत विटा घालून आणीत. घर आजही त्यांच्याच नावे आहे. वडील ब्याऐंशी वर्षांचे असून हयात आहेत. त्यामुळे सदर घर मला कोणालाही देता येत नाही. वारसांनी या कलमाचा निष्कारण अभ्यास करू नये.

कलम २. पत्नी.
माझी पत्नी कुल्याश हिला या मृत्युपत्राची व्यवस्थापिका नेमीत आहे. ही नेमणूक तिला सांगितली असता ती म्हणाली, "म्हणजे मेल्यावरसुद्धा तुमचा पसारा मीच आवरायचा." या उद्गारास मी संमतीदर्शक समजतो. बँकेतील शिल्लक, गालिचे आणि माझी जुनी गाडी तिचीच. गाडीचा मागचा दरवाजा आतून लाथ मारल्याखेरीज उघडत नाही, ही गोष्ट पुढील खरेदीदारास आधी सांगण्याचे बंधन तिच्यावर नाही.

कलम ३. वृद्धत्व कसे प्राप्त झाले त्याची हकीकत.
पुढील तरतुदींचा अर्थ लागावा म्हणून हे सांगणे आवश्यक आहे.

नगरातील एका सभागृहात मी दीर्घकाळ विवाहसभा चालविल्या. दोन वर्षांपूर्वी तेथील व्यवस्थापकाने मला बाजूला घेऊन अत्यंत मृदू स्वरात सांगितले, "आगा, तुम्ही आता बसा. आम्ही तुमचा मान ठेवतो." आमच्याकडे मानाचे आसन दारापासून सर्वांत दूर, समोरच्या भिंतीशी असते. ध्वनिवर्धक, वादक आणि नाचण्याची जागा दाराच्या बाजूस. म्हणजे ज्याचा मान जितका मोठा, तितके त्याचे बोलणे कमी ऐकू येते. ही रचना आमच्या पूर्वजांनी तंबूत केली, तेव्हा सगळा तंबूच दहा पावलांचा होता. सभागृहात तीच रचना करून आम्ही वडीलधाऱ्यांना आदरपूर्वक हद्दपार करण्याची सोय केली.

माझ्या जागी संझार आला. वय सत्तावीस. तीन वर्षे माझ्याकडेच शिकला. त्याच्याविषयी स्वतंत्र कलम आहे.

मे महिन्यातील त्या विवाहास मी पाहुणा म्हणून गेलो. मला समोरच्या भिंतीशी बसविण्यात आले. मांसाची ताटे आली आणि संझारने तेजस्वी दंतपंक्ती दाखवीत घोषणा केली की आजच्या सभेतील अक्सकाल, आपली पांढरी दाढी, सेयितखान आगा यांच्यापुढे आपण मेंढ्याचे मस्तक ठेवीत आहोत. मला दाढी नाही. मिशी आहे आणि तिचा रंग काळा आहे. तो कसा राखला जातो याची तरतूद कलम ६ मध्ये आहे.

मस्तक माझ्यापुढे ठेवले गेले. सुरीची मूठ माझ्याकडे करण्यात आली.

ज्याचा बाप जिवंत आहे त्याने त्या मस्तकावर सुरी ठेवायची नाही. तो मान बापाचा. हा नियम आमच्याकडे कोणी शिकवीत नसे. मांसाच्या वाफेबरोबर तो नाकात जात असे. मी ताट मागे सारले व उभा राहून म्हणालो की माझे वडील हयात आहेत. सभागृह हसले. मी तीस वर्षे लोकांना हसविले आहे, तेव्हा माझ्या तोंडून निघालेले सत्य हा त्यांना उत्तम विनोद वाटणे स्वाभाविक होते. संझारने वादकांना खूण केली, गाणे सुरू झाले आणि मस्तक वराच्या मामाकडे गेले. उठताना तीन सद्‌गृहस्थांनी माझा हात हाती घेऊन वडील केव्हा वारले, कळवले का नाही, असे विचारले.

सभागृहाच्या मागे, जेथे स्वयंपाकी धूम्रपान करतात, तेथे मी संझारला गाठले.

"माझे वडील आहेत हे तुला ठाऊक नव्हतं?"

"खरं सांगू का आगा? मला वाटलं गेले असतील. चार वर्षांत एकाही लग्नात दिसले नाहीत."

"दिसले नाहीत, कारण कोणी बोलावलं नाही."

"हो, तेच म्हणतोय मी."

यावर मी म्हणालो की वडीलधारा बोलत असता गाणे सुरू करणे हा निर्लज्जपणा आहे. त्याने विनयाने उत्तर दिले, "ती खूण तुम्हीच शिकवलीत, आगा." हे विधान सत्य असले तरी विषयाला सोडून आहे.

वडिलांना का बोलावीत नाहीत याची कारणे मी चौकशीअंती जमविली. त्यांचा आशीर्वाद लांबतो. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून शेजाऱ्याला ओरडावे लागते. चित्रफीत काढणाऱ्यास पुढच्या रांगेत तरुण मुखे हवी असतात. कोणी त्यांचा द्वेष करीत नाही. सर्वांना त्यांच्याविषयी नितांत आदर आहे, फक्त ते स्वतः तेथे नसावेत. दवाखान्यात वडील खुर्चीवर बसलेले असतात आणि डॉक्टर मला विचारतात, "आजोबांना काय होतंय?" बँकेतील कन्या त्यांचा अंगठा धरून यंत्रावर ठेवते, जसा आपण पाण्याचा नळ फिरवतो. अशा रीतीने आमच्या नगरात मरणाची एक नवी पद्धत रूढ झाली आहे. आधी निमंत्रण थांबते, मग विचारणा थांबते, मग नाव विस्मरते. देह आपला त्याच्या सोयीने मागाहून येतो. आणि जे नगर आपल्या म्हाताऱ्यांची मोजणी सोडून देते त्याला नियम सांगणाराही उरत नाही. मग ते जिवंत माणसाच्या पुत्रापुढे मस्तक ठेवते आणि टाळ्या वाजविते.

कलम ४. मत्सर.
माझ्या मिळकतीचे दोन भाग आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत माझा आवाज, उंची व गुडघेदुखी येते. स्वकष्टार्जित मिळकतीत मुख्यतः संझारविषयीचा मत्सर येतो. हा मी कोणाच्याही साहाय्याविना, दोन वर्षांच्या अखंड परिश्रमाने उभा केला आहे.

त्याचा तपशील असा. संझारला घाम येत नाही. त्याच्या विनोदाचा शेवट येण्यापूर्वीच स्त्रिया हसतात, त्यामुळे त्याला शेवट करावाच लागत नाही. दोंब्रा हे आमचे दोन तारांचे वाद्य तो वाजवीत नाही, केवळ हाती धरतो, आणि तेवढ्यावर लोक भारावतात. त्याचे बूट चमकतात. त्याच्या भ्रमणध्वनीवर त्याचे इतके अनुयायी आहेत की एखाद्या मध्यम धर्मसंस्थापकाने खिन्न व्हावे. तो मला वाकून नमस्कार करतो. हा शेवटचा अपराध मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो मनापासून करतो.

हा मत्सर अविभाज्य असल्याने वारसांत वाटता येणार नाही. तो माझ्याबरोबर पुरावा.

कलम ५. सफरचंदांची बाग. (रद्द)
नगराबाहेरील माझी बाग व तीतील दोन खोल्यांचे उन्हाळी घर माझी एकुलती कन्या झानेल हिला मिळावे, असे मी योजिले होते.

झानेलचा विवाह येत्या सप्टेंबरात आहे. जूनमध्ये ती स्वयंपाकघरात आली. कुल्याश पीठ मळीत होती, मी मळलेल्या पिठावर टीका करीत होतो. झानेलने सांगितले की सभागृह ठरले, गायिका ठरली आणि असाबाही ठरला.

असाबा कोण, हे मी विचारले नाही. कुल्याशने माझ्याकडे न बघता कणकेवर मूठ मारली, त्यावरून समजलो.

"पापा, तुम्ही वधूपिता आहात," झानेल म्हणाली. "तुम्ही छान बसायचं."

"आणि आजोबा?"

"ज्येष्ठांसाठी दोन मिनिटं ठेवली आहेत ना."

"आजोबांना दोन मिनिटं?"

"सगळ्या ज्येष्ठांना मिळून. दोन्हीकडचे एकदम उभे राहतील, फोटो होईल, एक जण बोलेल. पापा, असं तोंड करू नका. हल्ली सगळे असंच करतात."

मी तिला एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा जरा उंच स्वरात सांगितले की नातीच्या विवाहात आजोबांनी स्वमुखाने आशीर्वाद न दिल्यास सारे नगर त्यांना मृतच समजेल, आणि या वेळी चूक परक्याची नसून आमची असेल. ती म्हणाली की मला आजोबांची काळजी नसून संझारचा राग आहे. या आरोपातील दुसरा भाग मी नाकारीत नाही.

त्याच रात्री मी हे कलम असे लिहिले: झानेलच्या विवाहात आजोबांना हवा तितका वेळ बोलू दिल्यासच बाग तिची, अन्यथा ती भटक्या श्वानांच्या निवाऱ्यास जाईल. दुसऱ्या दिवशी साक्षीसाठी वादिम त्सोई याला बोलाविले. वादिम हा कोरियन, माझ्या सभांत अठरा वर्षे विजेवरची बाजाची पेटी वाजविणारा, मितभाषी मित्र. त्याने चष्मा लावून कलम वाचले.

"हे लागू व्हायचं तर तुला लग्नाआधी मरावं लागेल."

"माझी तयारी आहे."

"मग घरात सुतक. लग्न वर्षभर पुढे. आणि वर्षभरानं म्हातारा असेलच याची खात्री कोण देतं?"

कायद्याचे इतके स्वच्छ विवेचन नोटरीबाईंनाही साधले नसते. हे कलम मी रद्द करीत आहे. बाग झानेलला विनाअट देण्यात येते. तरीही विषय तेथे मिटला नाही, आणि पुढे तो कसा मिटला हे लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण तो मी मिटविला नाही.

कलम ६. किरकोळ जंगम वस्तू.
माझा जरीचा मखमली झगा संझारला द्यावा. तो त्याला ढगळ होईल. माझे विनोदही त्यालाच. त्यांपैकी सासूबाई व उंटाचा विनोद तो परवानगीविना आधीच वापरतो, तेवढा यातून वगळावा. दोन ध्वनिक्षेपक वादिमला. मिशीच्या कलपाची उरलेली बाटली सभागृहाच्या व्यवस्थापकास सन्मानपूर्वक पोहोचवावी. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, आणि सभागृहाच्या मालकाचा पुतण्या नुकताच शिक्षण संपवून परतला आहे.

कलम ७. ज्या प्रसंगामुळे कलम ५ ची गरज उरली नाही तो प्रसंग.
जुलैतील एका रविवारी संझार आमच्या दाराशी आला. काखेत नवा रेशमी झगा होता. आमच्याकडे ज्याचा अपमान झाला त्याच्या खांद्यावर झगा घालून अपराध धुतला जातो. मी खांदे किंचित ताठ करून पुढे झालो. तो मला वाकून नमस्कार करून, माझ्या शेजारून पुढे, अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेल्या माझ्या वडिलांकडे गेला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिलो. तेथे मला काही काम होते, असे समजावे.

"आजोबा," तो म्हणाला, "मी तुम्हाला गेलेलं धरलं. चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल. मेलेल्याला ऐकू कमी येतं."

संझारने तेच वाक्य इतक्या मोठ्याने म्हटले की शेजारच्या बिबिगुलबाई कुंपणापाशी आल्या. वडिलांनी झगा खांद्यावर घालू दिला, कापड बोटांनी चाचपले, बरे आहे म्हणाले, आणि त्याला बसविले. मग संझारने ते विचारले, जे त्या अंगणात कोणी कधी विचारले नव्हते: आजोबा, तुमचा आशीर्वाद एवढा लांब का असतो?

वडील सांगू लागले. त्या काळी नवरीला सासरी त्यांच्याच मालमोटारीतून नेत. मागे गालिचे, संदूक, नवरीच्या मैत्रिणी. पुढे चालकाशेजारी रडणारी नवरी. डोंगरातील पूल लाकडी होते. प्रत्येक पुलाआधी वडील गाडी थांबवीत, उतरून फळ्या तपासत आणि नवरीची भीती जावी म्हणून त्या नदीचे नाव घेऊन तिला एक आशीर्वाद देत. या नदीइतकी लेकरं-बाळं, त्या नदीइतकं शांत घर. माहेर ते सासर जितके पूल, तितके आशीर्वाद. मालमोटारी गेल्या, पूल सिमेंटचे झाले, नवऱ्या आता दिव्यांच्या लांब मोटारीतून जातात. परंतु वडील सभागृहातही एकेक पूल ओलांडीत राहिले, आणि कोणाला ठाऊक नसल्याने आशीर्वाद नुसताच लांबलेला वाटला.

संझार सायंकाळपर्यंत बसला. कुल्याशने त्याला तीनदा चहा दिला. मला एकदा. वडिलांनी त्याला नद्यांची नावे क्रमाने म्हणून दाखविली, चुकला तेथे गुडघ्यावर टिचकी मारली, आणि निघताना दोन्ही हात पसरून त्याला आशीर्वाद दिला. छप्पन्न वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी मत्सराचे अनेक प्रकार हाताळले आहेत, परंतु खिडकीतून पाहिलेला हा प्रकार मला अपरिचित होता.

तो गेल्यावर मी अंगणात गेलो आणि विचारले, "मला का नाही कधी हे सांगितलंत? माझा तर धंदाच बोलण्याचा."

वडिलांनी झग्याची बाही उलटीसुलटी करून पाहिली.

"परक्याला नुसतं सांगतात," ते म्हणाले. "वारसाला शिकवायचं असतं. वारसाला शिकवलं की माणूस निघायला मोकळा झाला. मला कुठं निघायचंय?"

दुसऱ्याच दिवशी संझारने झानेलला कळविले की ज्येष्ठांची दोन मिनिटे रद्द, नृत्याची स्पर्धा रद्द, आणि लांब तार जोडून ध्वनिवर्धक आजोबांच्या आसनापर्यंत नेला जाईल. सर्व पूल होतील. गाणे लागणार नाही. झानेल धावत येऊन म्हणाली, "पापा, संझारला काय सुंदर कल्पना सुचली आहे." जे मी पिता या नात्याने तीनदा सांगितले तो संझारवरचा राग ठरला, तेच त्याने एकदा सांगताच प्रतिभा ठरली. माझ्या वडिलांना पुन्हा जिवंतांत आणण्याचे श्रेयही अशा रीतीने त्याच्याच नावे जमा झाले. मी त्याचे आभार मानतो. हे वाक्य लिहिण्यास मला अर्धा दिवस लागला आहे.

विवाहात माझे स्थान कोणते, हा प्रश्न राहिला. व्यवस्थापकाने मानाच्या आसनांच्या रांगेत माझे नाव लिहिले होते. वडिलांनी ते खोडले. म्हणाले, "बाप बसलाय ना तिथं? मग पोरगं दाराशी. येणाऱ्याच्या हातावर पाणी घाल, कोट घे, म्हाताऱ्यांना हात दे. एवढा मोठा झालास, दाराशी उभं राहता येत नाही का?" ही नियुक्ती मी तत्काळ स्वीकारली. गेल्या दोन वर्षांत मला उभे राहावयास सांगणारे ते पहिले गृहस्थ होत. दाराशी उभे राहिल्यास संझार, वादक व दुसरा ध्वनिवर्धक हाताच्या अंतरावर असतात, हे संझारने विसरू नये. माणसाला कधीही खोकला येऊ शकतो.

कलम ८. मी वडिलांच्या आधी गेल्यास.
असे घडल्यास त्यांची व्यवस्था कुल्याशने पाहावी. दवाखान्यात डॉक्टरांनी प्रश्न वडिलांनाच विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्यांच्या श्रवणयंत्रातील विद्युतघट दर महिन्यास बदलावेत. कोणत्याही विवाहाचे, बारशाचे वा घरभरणीचे निमंत्रण या घरी आले आणि त्यावर त्यांचे नाव नसेल, तर घरातील कोणीही जाऊ नये. संझारने महिन्यातून एक रविवार येऊन नद्यांची नावे त्यांच्यापुढे म्हणावीत. तो ती चुकला तर मला समजण्याचा मार्ग नाही, ही या मृत्युपत्रातील एकमेव खंत आहे.

येथवर लिहिलेले सर्व आज अंगणात साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचले. मोठ्याने यासाठी की वडीलही बसले होते व त्यांनी शब्दन् शब्द ऐकण्याचा आग्रह धरला. कलम ४ ऐकून ते हसले. कलम ८ ऐकून हसले नाहीत. म्हणाले, "बाप समोर बसलाय आणि पोरगं मरणाचा कागद लिहितंय. मला विचारलंस?" मी म्हणालो की कायद्याने त्याची गरज नाही. त्यांनी कायदा हा शब्द नीट ऐकू आला नाही असे सांगितले आणि लेखणी मागितली. कागद त्यांच्याकडे गेल्यावर काय झाले ते अखेरीस आहे.

स्थळ : ताल्दीकोर्गान, राहत्या घराचे अंगण.
दिनांक : ११ ऑगस्ट.

लिहून देणार : सेयितखान तुर्लिबेकउली (सही)

साक्षीदार :
१. वादिम त्सोई, वादक. (सही) "वाचले. माझ्या ध्वनिक्षेपकांपैकी एक आधीपासून माझाच आहे."
२. बिबिगुल, शेजारीण, निवृत्त शिक्षिका. (सही) "वयाचा रकाना मी भरणार नाही."

कायद्याने आवश्यक नसलेली तिसरी सही, वडिलांच्या हस्ताक्षरात, जशीच्या तशी :

"पोराला हा कागद करायची परवानगी दिली आहे. मरायची दिलेली नाही.
तुर्लिबेक, बाप."